गोदाने मोकळी ठेवलेली ओळ

माझी सून गोदा लग्न होऊन आली तेव्हा तिला बांगडा धड साफ करता येत नव्हता. मालगुंडची मुलगी, संख्याशास्त्रात बी. एस्सी. झालेली. मी दुसरी पास. म्हणजे घरात शिकलेल्या दोघी. माझा शिवा मोठ्या बोटीवर खलाशी, वर्षातले नऊ महिने दर्यावर. त्यामुळे बांगडा शिकवायला मला वेळ भरपूर मिळाला.

सत्त्याऐंशी साली गोदाला मासळीची मोजदाद ठेवणाऱ्या एका सरकारी ऑफिसात कॉम्प्युटरवर नोकरी लागली. हंगामीच. सहा महिन्यांनी साहेबांच्या मनात आलं तर नवी ऑर्डर. शेजारणी विचारायच्या, सून टाइपिंग करते का? मी सांगे, करते, पण तिचं मशीन थंड खोलीत राहतं आणि आत जायचं तर देवळासारख्या चपला बाहेर काढाव्या लागतात. मग कोणी पुढे विचारत नसे.

तिचं काम असं. एक यादी मिरकरवाड्यातल्या आमच्या बाजूच्या होड्यांची, नंबरवार, नावांसकट, चाळीस. दुसरी ऑफिसातल्या काशीरामची. तो धक्क्यावर उभा राहून, आलेल्या होडीचा नंबर आणि मासळीचं वजन लिहून आणी. चाळीसच्या चाळीस होड्या काही रोज जात नाहीत, म्हणून ही यादी आखूडच असायची. दोन्ही याद्या जोडून सरासरी काढायची आणि मुंबईला पाठवायची. जोडायचा प्रोग्राम नोकरीच्या चौथ्या महिन्यात मुंबईहून तयार आला. दोन महिने तो बिनतक्रार चालला.

एका रविवारी दुपारी ती कडेला भोकं असलेला लांबलचक कागद घेऊन माझ्याजवळ बसली. मी तारल्या कापत होते. म्हणाली, तुम्ही सगळ्यांना ओळखता, मी वाचते, काही वावगं वाटलं तर सांगा. आठवड्यापूर्वीची तारीख होती. वाचता वाचता म्हणाली, "जनीची होडी. बांगडा, साठ किलो."

माझा हात विळीवर थांबला.

"काय गो, मेलेल्या म्हाताऱ्याने मारला काय बांगडा?"

शेजारच्या जनीचा सासरा त्याच आठवड्यात गेला होता. आमच्यात सुतक फिटेपर्यंत होडी पाण्यात घालत नाहीत. मी रोज बघत होते, होडी वाळूवर उपडी पडलेली.

गोदाने लगेच बोट लावून दोन्ही याद्या मोजल्या. होड्या चाळीस, मासळीच्या ओळी एकतीस. मग कपाळावर हात मारला. तो प्रोग्राम नंबर बघतच नव्हता. ओळीला ओळ लावत सुटायचा आणि आखूड यादी संपली की पुन्हा वरून सुरू करायचा. जनीच्या नावावर दुसऱ्या होडीवाल्या महिपतचे बांगडे चढले होते.

मला समजलं ते माझ्या रीतीने. पंगतीला पाट चाळीस मांडले, माणसं आली एकतीस. तर मोकळे पाट मोकळे ठेवायचे की नाही? हे मशीन जेवून उठलेल्या पहिल्या नऊ जणांना हाताला धरून पुन्हा बसवत होतं. शिवाय मधला एक जण आला नाही, तर त्याच्या पाटावर शेजारचा.

म्हणजे दोन महिन्यांचे कागद चुकीचे गेले होते. ते साहेबांना सांगायचं आणि ऑर्डर संपायला पंधरा दिवस. मी म्हटलं, तुझी चूक नाही, मुंबईकरांची आहे, गप राहिलीस तर कोणाला कळणार? माझ्या तोंडून हे गेलं, खोटं कशाला सांगू. ती म्हणाली, "आई, तुम्हाला कळलंच की."

सोमवारी ती साहेबांपुढे उभी राहिली. तोवर नंबराला नंबर जुळवणारा नवा प्रोग्राम तिने वहीत लिहून नेला होता. ज्या होडीचा नंबर काशीरामकडे नसेल, तिची ओळ मोकळी. साहेब चिडले, पण ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, ठीक आहे, पण मोकळं दिसायला बरं नाही, तिथे शून्य घाला.

"शून्य नाही घालणार, साहेब," गोदा म्हणाली. "शून्य म्हणजे होडी गेली आणि रिती आली. ही गेलीच नाही. सुतकात बसलेल्या माणसाला तुम्ही मासळी मिळाली नाही म्हणणार?"

साहेबांनी काशीरामला बोलावलं. तो वीस वर्षं धक्क्यावर. त्याने सांगितलं, बाई बरोबर बोलतात, शून्य घातलात तर नऊ घरांची कुचकामी खलाशी म्हणून बदनामी होईल.

साहेबांनी सही केली. दोन महिन्यांचे कागद नव्याने निघाले, सोबत चूक कबूल करणारं पत्र गेलं. पंधरा दिवसांनी गोदाची ऑर्डर आली, पुन्हा सहा महिन्यांचीच. कायम नाही केलं. पण मुंबईहून त्याच टपालात मागणी आली की बाईंचा प्रोग्राम आम्हालाही पाठवा.

मी तो नवा कागद मागून घेतला. चष्मा लावून, अक्षर अक्षर जुळवत जनीचं नाव शोधलं. पुढे काही नव्हतं. मग कागद घेऊन जनीच्या घरी गेले आणि तिला म्हटलं, "बघ, माझ्या सुनेने तुझ्या सासऱ्याचं सुतक सरकारी कागदावर पाळलंय."