पन्नास गुणसूत्रांचं गवत

हे मी लिहावं की नाही, यातच बरेच दिवस गेले. लिहिण्याजोगं माझ्या हातून अजून काही झालेलं नाही. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय वनस्पतिशास्त्र. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलेलं नाही, त्यामुळे कुठं काय बोलावं याचा अंदाज अजून येत नाही. चुकलं तर सांभाळून घ्या.

"पन्नास नसतात रे. दोन पेशी एकमेकींवर आल्यात, नाहीतर तू दोन कुंड्यांची मुळं एकत्र केलीस." माझ्या गाईड शेख मॅडम मायक्रोस्कोपवरून डोकं न उचलता म्हणाल्या.

मला तर पन्नासच दिसली होती.

आधी प्रोजेक्ट सांगतो. जिल्ह्यातल्या माळांवरून, बांधांवरून मारवेल गवत गोळा करून कुंड्यांत लावायचं आणि त्यात किती विविधता आहे ते बघायचं. प्रत्येक पेशीत गुणसूत्रं असतात. आईबापाचे गुण त्यांतून पुढं जातात. माणसात त्यांचे दोन संच. गवतांत मात्र चार-चार, सहा-सहा संचही सापडतात. अशांना पॉलिप्लॉइड म्हणतात. आपण खातो तो गहूसुद्धा असाच, रानगवतांच्या संकरातून झालेला. मारवेलचा एक संच दहाचा. माझ्या सगळ्या कुंड्यांत चार संच, म्हणजे चाळीस गुणसूत्रं निघाली. फक्त एका कुंडीत पन्नास. ते रोप आमच्या गावचं, देवगाव रंगारीच्या बांधावरचं.

"सिद्ध करता आलं नाही तर ही कुंडी प्रबंधातून काढायची," मॅडम म्हणाल्या.

"मग काय उरतं, मॅडम?"

"सगळं गवत सारखंच आहे, एवढं लिही."

एवढ्या एका वाक्यासाठी मी दोन पावसाळे माळ तुडवले होते.

मॅडमनी एक संधी दिली. मी नव्यानं स्लाइड करायच्या, मॅडम त्यांच्यावर चिकटपट्टी लावून नंबर झाकणार आणि कुठली कुंडी हे माहीत नसताना मी मोजायचं. स्लाइड करणं म्हणजे कोवळ्या मुळाचं टोक आम्लात मऊ करायचं, रंगवायचं आणि काचेखाली अंगठ्यानं चेपायचं. जोर जास्त झाला की पेशी फुटते, गुणसूत्रं शेजारच्या पेशीत शिरतात आणि हिशेब चुकतो. माझा हात जड.

"भाकर थापतोयस का?" मागून मॅडम. "हलकं दाब."

दोन दिवस मोजत होतो. चाळीस, चाळीस, परत चाळीस. मग एका स्लाइडवर पन्नास. मी बाजूला सरकलो. मॅडमनी स्वतः मोजली, ओठ हलवत. पट्टी सोलली. तीच कुंडी.

"ठीक," त्या म्हणाल्या. "चाळीसवाल्याकडून निम्मी वीस आली. उरलेली तीस कुणाची? ज्याची निम्मी तीस होतात असं साठवालं गवत दाखव."

इथं मी अडकलो. साठवालं मारवेल आमच्या नमुन्यांत नव्हतंच. एके सकाळी पाणी घालताना त्या कुंडीतली एक कांडी मोडली आणि बोटांना वास आला. अगदी मंद, पण होता. मारवेलला असा वास नसतो. वासाचं गवत मला माहीत होतं. आमच्या बांधाच्या खालच्या अंगाला ते वाढतं. मारवेलचं लांबचं नातेवाईक. म्हणजे दुसरा पालक मी मारवेलातच शोधत बसलो होतो, तो होता दुसऱ्याच जातीचा.

रविवारी एसटीनं गावी गेलो. बांधावर आत्या होती.

"एवढं शिकून पुन्हा गवतच कापायला आला व्हय रं?"

"कापायचं नाय आत्या, मुळासकट पायजे."

"मंग समदंच ने. म्हस त्याला तोंड लावत नाय." तिनं स्वतःच्या खुरप्यानं चार ठोंब काढून दिले आणि वर म्हणाली, "सायबांना सांग, आमच्याकडं लई हाये."

कुंडीत त्या ठोंबांना नवी मुळं फुटली. मोजली. साठ.

मॅडमनी चहा मागवला. लॅबमध्ये चहाला बंदी आहे, म्हणून आम्ही व्हरांड्यात उभ्यानं प्यालो.

आकडे जुळले म्हणजे नातं सिद्ध होत नाही, हेही त्यांनी तिथंच सांगितलं. डीएनए बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवला. त्यातला एक भाग गवतात फक्त आईकडून येतो, त्यावरून आई कोण ते कळतं, उरलेल्यावरून बाप. दरम्यान मी बांधावरची आणखी रोपं तपासली. बरीचशी पन्नासचीच. असा संकर सहसा वांझ निघतो. पण या गवतांना फलनाशिवायही बी धरतं, आणि त्या बियांतून आईची हुबेहूब नक्कल उगवते. एकदा जमलेला संकर असाच बांधभर पसरला असावा. नवी जात उभी राहण्याची सुरुवात अशीच होत असेल का, हे म्हणण्याएवढा मी मोठा नाही.

या सगळ्यातून मी शिकलो ते इतकंच, की मोजताना नाव झाकावं. आपल्याला जे हवं असतं, ते डोळ्यांना आधी दिसतं.

काल दुपारी गारखेड्याच्या मेसमध्ये ताट घेऊन बसलो आणि मॅडमचा फोन आला.

"रिपोर्ट आलाय. आई वासाची, बाप मारवेल. जेवतोयस का?"

"हो, मॅडम."

"जेव सावकाश. मग त्या कुंडीचं प्रकरण लिहायला घे. प्रबंधात पहिलं तेच टाकायचं."