मोठेपणी आलेल्या कांजिण्या

"एवढी मोठी पोरगी, अन् आता आली माता?"

"काऊन, लहानपणी सुटली असंल."

बाकावरच्या दोघी माझ्याबद्दलच बोलत होत्या. ओढणी कपाळापर्यंत ओढूनही मनगटावरचे फोड त्यांना दिसले होते. गोंदियाच्या त्या दवाखान्यात मला सगळ्यांपासून दूर, जिन्याखालच्या खुर्चीवर बसवलं होतं. शेजारी आई. खाज इतकी की मी हातांवर बसले होते.

डॉक्टर मॅडमनी पाठ पाहिली, घसा पाहिला. "व्हॅरिसेला," त्या म्हणाल्या, आणि मग आईला, "कांजिण्या. तुम्ही छोटी माता म्हणता ती. मोठ्यांना जास्त त्रास होतो, कधी फुप्फुसांपर्यंत जाते. खोकला वाढला, धाप लागली तर लगेच घेऊन या. घरात कोणी गरोदर आहे?"

"सून हाये, पाचवा लागला. पण तिलेही होऊन गेली. आमच्या घरी सगळ्यायले झाली, हीच एक राहिली होती."

"नक्की?"

"माता कोणाले सोडते मॅडम?"

मॅडम म्हणाल्या की ज्या गरोदर बाईला कांजिण्या झालेल्या नाहीत आणि लसही नाही, तिच्यासाठी एक इंजेक्शन असतं. पण ते संपर्कानंतर थोड्या दिवसांतच द्यावं लागतं. उशीर झाला तर उपयोग नाही, आणि धोका आईला तसा बाळालाही. आई मान हलवत होती. ही गोष्ट आपल्या घरची नाही, असं तिचं ठरलं होतं.

मला का झाल्या, हेही मॅडमनी सांगितलं. मी लहान असताना एका उन्हाळ्यात मुर्रीतल्या आमच्या गल्लीतली सगळी पोरं फोडांनी भरली होती. माझ्या कॉन्व्हेंटची परीक्षा जवळ आली होती, म्हणून बाबांनी मला तिरोड्याला मामाकडे पाठवलं. सगळे म्हणाले, ही वाचली. कांजिण्यांची लस तेव्हा खासगी दवाखान्यातच मिळायची. ती घ्यावी असं कोणाच्या डोक्यात आलं नाही.

त्यानंतर माझ्याभोवतीच्या बहुतेकांना कांजिण्या होऊन गेलेल्या होत्या. आता काही मुलांना लसही मिळते. दोन्हीमुळे विषाणूला फिरायला माणसं कमी मिळतात, आणि माझ्यासारखी मधे उरलेली माणसं इतरांच्या आडोशाला वर्षानुवर्षं सुखरूप राहतात. आडोशाला कुठे फट पडली की सापडतात, तीही मोठेपणी. माझी फट माझ्याच ट्यूशनमध्ये होती. तिथल्या एका मुलाने लस घेतली नव्हती, आणि त्याला कांजिण्या झाल्या होत्या.

घरी आल्यावर आईने माझ्या खोलीच्या दाराला कडुनिंबाची डहाळी बांधली. घरात फोडणी बंद. गल्लीतल्या बाया मातेच्या नावाने दारात पाणी घालून जायच्या. एक काकू तर नातीला घेऊनच आल्या. "बसू दे तिच्यापाशी. होऊन जाईल एकदाचं, मोठेपणीचा ताप नको."

त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं, म्हणूनच मला जास्त भीती वाटली. एकदा होऊन गेली की बहुतेकांना पुन्हा होत नाही. पण लस तेच काम पोरीला आजारी न पाडता करते. हे सगळं मनात छान जुळलं. तोंडातून फक्त "काकू, नको" एवढंच निघालं.

ताट आणायचं काम वहिनीकडे होतं. ती नागपूरची, आईवडिलांची एकुलती एक, लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. ताट ठेवताना ती श्वास रोखून धरते आणि बाहेर गेल्यावर सोडते, हे माझ्या लक्षात आलं. मी पडल्या पडल्या मेसेज केला, "वहिनी, तुम्हाला खरंच झाली होती?"

उत्तर आलं, "आई म्हणतात झाली असेल."

"आणि लस?"

"नाही. ताई, सांगू नका ना. आईंना वाटेल मला तुमचं करायचं नाही."

मी उठून आतून कडी लावली. ताट आलं की म्हणायचे, बाहेरच ठेवा. आईला राग आला. "दार काऊन लावलं? मातेच्या खोलीचं दार लावतेत का?" मी कडी काढली नाही. हा विषाणू हवेतून जातो, मॅडमनीच सांगितलं होतं. एका कडीने काय होणार होतं? मी खिडकीपासून दारापर्यंत चालत राहायचे, बसवत नव्हतं. फोन उचलायचे, दवाखान्याचा नंबर काढायचे, ठेवून द्यायचे. तिने नको म्हटलं होतं, आणि दिवस जात होते.

मग खोकला वाढला, खोलीतल्या खोलीत चालतानाही धाप लागली. एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसांवर ठिपके दिसले. व्हॅरिसेला न्यूमोनिया. मला वेगळ्या खोलीत भरती केलं आणि सलाइनमधून औषध सुरू झालं.

तुमच्या घरी अशी वेळ आली तर "सगळ्यांना झाली असेल" यावर थांबू नका, म्हणून पुढचं आधीच सांगते. वहिनीची आयजीजी तपासणी झाली. या आजाराशी लढायची तयारी शरीरात आधीपासून आहे का, ते त्यात कळतं. रिपोर्ट निगेटिव्ह आला. आई म्हणाली, चला, सुटलो. मॅडमनी तिला बसवून समजावलं की इथे निगेटिव्ह म्हणजे तयारी काहीच नाही. दादाने नागपूरहून इंजेक्शन बर्फात ठेवून आणलं. नंतर काही आठवडे वहिनीला डास चावला तरी आई तिचा हात उजेडात नेऊन बघायची. फोड आला नाही. पोरगी झाली, धडधाकट आहे. गरोदरपणी ही लस देता येत नाही, म्हणून वहिनीने बाळंतपणानंतर घेतली. तिच्यासोबत गेली आईच.

मी बरी झाले. कपाळावर दोन खड्डे राहिलेत. मॅडमचे आभार मानून झाले. ज्या पोरांनी त्या उन्हाळ्यात फोड सोसले आणि नकळत मला इतकी वर्षं झाकून ठेवलं, त्यांचे कसे मानायचे ते कळत नाही.

पण हे सगळं भरतीच्या दुसऱ्या सकाळनंतरचं. त्या सकाळी आईने वहिनीच्या हाती डबा पाठवला होता. ती दारात उभी होती, आई तिच्या मागे. मॅडम राउंडला आल्या, त्यांनी वहिनीच्या पोटाकडे पाहिलं.

"यांना होऊन गेलीय ना?"

"हो हो, कवाचीच," आई म्हणाली.

वहिनी डब्याच्या कडीशी चाळा करत राहिली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. मॅडम वळल्या, माझा कागद हातात घेतला. मी तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क खाली ओढला.

"मॅडम, आईला माहीत नाही. वहिनीला झालेली नाही, लसपण नाही. मला नंतर बघा, आधी तिचं रक्त घ्या."