दादांनी अर्जात न लिहिलेलं

माझे मोठे भाऊ, थोरले दादा, जाऊन महिना झाला. आज त्यांची नात एमबीएचा अर्ज लिहीत बसली होती.

साठच्या दशकात दादांनीही मुंबईला व्यापार व्यवस्थापनासाठी अर्ज केला होता. आमच्या कळसाडी गावच्या शेतकऱ्यांचा कापूस एकत्र विकून त्यांनी चांगला भाव मिळवला होता. अर्जात मात्र सगळं श्रेय वडिलांना दिलं. वडीलधाऱ्यांपुढे आपलं नाव पुढे करायचं नाही, ही आमच्याकडची रीत. दादांचं स्वतःचं काम अर्जात दिसलंच नाही आणि त्यांना प्रवेश मिळाला नाही.

केळीच्या वेफर्सचा धंदा नातीने उभा केला, पण अर्जात तो आईचा म्हणून लिहिलाय.

"तुन्हं काम तुन्हाच नाववर लिख, बेटा," मी तिला म्हणालो.

"आजा, आई समोर बठेल शे. बरं दिसस का?" समोर बसलेल्या आईकडे बघत ती म्हणाली.

दादाही अगदी हेच म्हणाले होते. तिने अर्जात आईचंच नाव ठेवलं. उद्या शेवटची तारीख आहे. हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी कोणी तिला समजावाल का?