नागुबाईनं मोटार घासली

कंग्राळीच्या नागुबाईला घासायचं वेडच होतं. पोटासाठी तिचं कामही तेच. रोज सकाळी ती चालत बेळगावात यायची, टिळकवाडीत मार्तंडराव वकिलांच्या घरची भांडी घासायची आणि दुपारी परत जायची. पण नुसतं पोटासाठी कुणी हंड्याच्या बुडाला चिंच चोळत बसत नाही. नागुबाई बसायची. "बूड कोण बघणाराय गं?" असं वकिलांच्या पत्नी विद्युल्लताबाईंनी विचारलं की म्हणायची, "चूल बघती की, वैनी!" आणि स्वतःच एवढ्या मोठ्यानं हसायची की रस्त्यापलीकडची गाय चारा सोडून बघत राही.

ती तिशीच्या आतबाहेरची होती. नवरा लग्नानंतर थोड्याच दिवसांत तापानं गेला, तेव्हापासून भावाकडे, भरमूकडे राहायची. गावातल्या बायका म्हणायच्या, हिला दुःख करायचं ध्यानात राहत नाही. त्यात थोडं खरंही होतं.

छत्तीस सालच्या चैत्रात वकिलांनी मोटार घेतली. काळीभोर, लांबलचक, पुढं दोन मोठे दिवे. थोरल्या नीलाचं लग्न वैशाखात निपाणीला ठरलं होतं. सासरा तंबाखूचा मोठा व्यापारी, आणि लेक त्याच्या दारात मोटारीतूनच उतरेल असा शब्द वकिलांनी दिला होता.

मोटार पहिल्यांदा खानापूरला जाऊन आली ती लाल धुळीनं माखून. ड्रायव्हर शामू जेवायला गेला. नागुबाई परड्यात भांड्यांपुढं बसली होती. तिनं त्या धुळकट मोटारीकडं पाहिलं आणि तिला भडभडून आलं. एवढी देखणी वस्तू आणि हे हाल! ती उठली, राखेचं टोपलं घेतलं, नारळाची शेंडी घेतली, पदर खोचला आणि इंजिनावरच्या पुढच्या टपापासून सुरुवात केली. गोल गोल, जोर लावून, जसा पितळी हंडा घासावा तशी तिनं ती अख्खी मोटार घासली. वर चार घागरी पाणी ओतलं. ओली मोटार अशी झळकली की नागुबाईनं टाळ्याच पिटल्या.

"वैनी! आण्णा! बाहेर या, बघा तरी कशी लख्ख केलीया!"

सगळे बाहेर आले. आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ऊन पाणी पिऊ लागलं. जसजसा पत्रा वाळला तसतशी त्यावर जाळी उमटली. वर्तुळात वर्तुळ, त्यात आणखी वर्तुळ, जणू हजार कोळ्यांनी मिळून टपावर संसार थाटलाय. दारांवर, मडगार्डांवर, सगळीकडं.

कोर्टात तासभर न थांबता बोलणारे मार्तंडराव फक्त "अँ..." एवढंच म्हणाले. जेवण टाकून धावत आलेला शामू टपावर डोकं ठेवून रडू लागला. नागुबाईचं तोंड पांढरं पडलं. आणि तेवढ्यात विद्युल्लताबाईंना हसू फुटलं. त्यांनी तोंडाला पदर लावला, खांबाला धरलं, पायरीवर बसल्या, पण हसू काही थांबेना. "राखेनं!" एवढा एकच शब्द त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. नीला हसू लागली. नागुबाईनं दम धरायचा फार प्रयत्न केला, पण डोळ्यांत पाणी असतानाच तिलाही हसू आलं.

"मी क्येलंय, मीच काढणार," ती शेवटी म्हणाली. "कसं काढायचं त्येवडं कुनीतरी सांगा."

तसं सांगणारा माणूस शामूलाच ठाऊक होता. जांबोटीकडचा रवळू लष्कराच्या कॅम्पातल्या बंगल्यांत टेबलं, कपाटं, पियानो यांना पॉलिश करायचा आणि अलीकडं साहेबांच्या मोटारीही करू लागला होता. चाळिशीचा, उंच, अबोल गडी. एकटाच राहायचा. दुसऱ्या दिवशी तो आला, मोटारीभोवती एक फेरी मारली, एका वर्तुळावर नख फिरवलं आणि विचारलं, "हे कुनी क्येलं?"

"मी," नागुबाई म्हणाली.

"लई मन लावून क्येलंय."

तो चेष्टा करतोय की कौतुक, हे तिला कळेना. तोंडावरून तर काहीच कळत नव्हतं.

"नख अडकत न्हाय, म्हंजे वरखडं उथळ हाईत," रवळू म्हणाला. "निघतील."

"पुसून काढायचं?"

"वरखडा पुसून जात न्हाय, बाई. आजूबाजूचा रंगच इवलासा घासायचा, वरखड्याच्या तळापतुर. त्या घासन्याचं बारीक वरखडं उठत्यात. मग त्येबी घासायचं, आनखी बारीक. डोळ्याला दिसंनासं झालं की लोकं म्हनत्यात चकाकी आली."

"म्हंजे तुमीबी माझ्यावानी घासताच की!"

रवळूच्या ओठाचा एक कोपरा हलला. "व्हय. फकस्त नारळाची शेंडी घेत न्हाय."

काम सुरू झालं. आधी भरपूर पाणी, म्हणजे धुळीचा कण राहू नये. मग डब्यातलं करडं मलम, जुन्या पियानोतून निघालेल्या मऊ लोकरी नमद्याच्या तुकड्यावर बोटभर. हात हलका, आणि चालवायचा सरळ, टपाच्या लांबीला, पुढून मागं. इथंच सगळं घोडं अडलं. नागुबाईचा हात जन्मभर गोल फिरलेला. दोन हात सरळ गेले की तिसरा आपोआप वळायचा.

"सरळ," रवळू म्हणायचा.

"सरळच हाय की."

"ही सरळ? ह्या वाटंनं गेलीस तर बेळगावातनं कंग्राळीला जायला गोवा लागंल!"

अबोल माणसाच्या तोंडून एवढं लांब वाक्य ऐकून नागुबाई मडगार्डावर हात टेकून हसली, आणि रवळूनं तो हात उचलून बाजूला ठेवला, कारण बोटांना मलम होतं. नंतर दोघांनाही आठवत राहिलं की तो हात त्यानं लगेच सोडला नव्हता.

घरी जाऊन ती परातही सरळ घासू लागली. भाकरी थापताना हात पुढं-मागं गेला आणि भाकरी नावेसारखी लांबट झाली. भरमूनं ती उचलून दोन्ही बाजूंनी पाहिली. "आक्का, बरं वाटत न्हाय का?"

"लई बरं वाटतंय रं," नागुबाई म्हणाली, आणि ते खरंच होतं. तिला सकाळी लवकर जाग येई. चालताना ओव्या सुचत. त्यातली एक पुढं सगळ्या कंग्राळीला पाठ झाली:

काळी गं मोटार, आरशावानी तिचं अंग
पुसता पुसता बाई, मलाच चढला रंग!

चौथ्या दिवशी टपाचा एक भाग पूर्ण झाला. रवळूनं मेणाचा शेवटचा हात दिला, मऊ धोतराच्या घडीनं पुसलं आणि मागं सरला. नागुबाई वाकली. आत आभाळ होतं. परड्यातला आंबा होता, त्यावरचा कावळा होता आणि मधोमध एक सावळी बाई तोंड उघडं टाकून बघत होती. भरमूच्या घरच्या तळहाताएवढ्या आरशात तिनं आजवर स्वतःला तुकड्यातुकड्यानं पाहिलं होतं.

"अगं बया! मी एवढी बरी दिसती?"

"व्हय," रवळू म्हणाला, आणि मागच्या चाकाकडं काहीतरी काम असल्यासारखा निघून गेला.

लग्नाच्या दिवशी पहाट फुटताच मोटार निपाणीला निघाली. वाटेत धूळ बसणार, आणि कोरडी धूळ पुसली की पुन्हा ओरखडे, म्हणून रवळू आणि नागुबाईलाही बरोबर घ्यायचं ठरलं. एका नातेवाईक बाईंनी नाक मुरडलं, "नवरीच्या मोटारीत विधवा बाई?" विद्युल्लताबाईंनी शांतपणे मोटारीचं दार उघडलं. "नागुबाई, तुम्ही आधी बसा."

काकती, हत्तरगी, संकेश्वर मागं पडलं. तवंदीचा घाट उतरल्यावर एका ओढ्याकाठी गाडी थांबवली. नीला आणि तिचे आईवडील झाडाखाली बसले. रवळू आणि नागुबाईनं बादल्या ओतून धूळ सोडवली आणि मेणाचा हात सुरू केला. ऊन वर आलं होतं. मोटार अशी चकाकली की ओढ्यावर मेंढरं पाजणारा धनगर काठी टेकून उभाच राहिला.

पण मोटारीकडं त्याच्या एडक्याचंही लक्ष गेलं होतं. शिंगं वळलेला, दांडगा एडका. तो दाराजवळ आला आणि त्याला दारात दुसरा एडका दिसला. त्यानं पाय आपटला. समोरच्यानंही आपटला. त्यानं मान खाली घातली, समोरच्यानंही घातली. एवढा अपमान कोणता एडका सोसेल? तो टक्कर मारायला मागं मागं सरकू लागला.

"आवो, दार!" नागुबाई किंचाळली आणि हातातलं फडकं पसरून मोटारीपुढं उभी राहिली. एडका सुटला. रवळूनं आडवी झेप घेतली, त्याची शिंगं धरली, आणि दोघं गडगडत थेट ओढ्यात गेले. त्यांना धरायला धावलेली नागुबाई शेवाळावरून घसरली आणि तीही मागोमाग पाण्यात. पहिला बाहेर आला तो एडका. त्यानं अंग झाडलं आणि झाडाखाली बसलेल्या मार्तंडरावांचं रेशमी उपरणं, पगडी, चेहरा, सगळ्याला अभिषेक झाला.

मग वकील हसले. लग्न ठरल्यापासून पहिल्यांदाच, पोट धरून, पगडी पडेपर्यंत. नीला मुंडावळ्या सांभाळत हसत होती, शामू स्टेअरिंगवर कपाळ टेकून हसत होता, धनगर तर काठीसकट खाली बसला.

कमरेइतक्या पाण्यात उभा राहून रवळूही हसत होता. त्याचं हसणं कुणी ऐकलेलंच नव्हतं. बारीक, उचकीसारखं होतं ते. त्यातच तो म्हणाला, "नागू, भरमूला इचारू का?"

"काय इचारनार?"

"पाट लावायचं."

तिच्या केसांतून पाणी गळत होतं. "आदी ते दार बग," ती म्हणाली. "ओरखडा हाय का ते सांग."

रवळू वर चढला, दारावरून नख फिरवलं. "न्हाय."

"मग इचार की!"

निपाणीत मोटार शिरली तेव्हा लोक नवरीआधी तिच्याकडंच बघत राहिले. बायका टपात बघून कुंकू नीट करू लागल्या. चिंब लुगड्यातली नागुबाई दोन्ही हात पसरून पुढं उभी. "बगा, पोटभर बगा. बोट लावू नगा!" नवरदेव शरद घोड्यावरून उतरला, त्यानंही टपात वाकून फेटा सारखा केला आणि मग नवरीकडं पाहिलं. नीलानं ते त्याला पुढं कधी विसरू दिलं नाही.

भरमूनं आठवडाभर विचार केल्याचं सोंग केलं आणि हो म्हटलं. पाट लागला. नवराबायकोनं कॅम्पाजवळ खोली घेतली आणि दोघं मिळून मोटारी चमकवू लागली. निपाणीचे तंबाखूवाले गाड्या पाठवत. खडबडीत मलमाचं काम रवळू करायचा, शेवटचा हात नागुबाईचा. कुणी ड्रायव्हर कोरड्या फडक्यानं धूळ झटकताना दिसला तर ती भर बाजारात त्याच्या मागं धावायची.

सत्तेचाळीसच्या ऑगस्टात मिरवणुकीसाठी गावातल्या साऱ्या मोटारी तिच्या दारात उभ्या राहिल्या. रात्रंदिवस घासून दोघांचे केस मलमानं करडे झाले होते. पंधरा तारखेला सकाळी शेवटची काळी मोटार निघाली तेव्हा शामूनं दार उघडून धरलं. आता तो चार गाड्यांचा मालक झाला होता.

"बसा, आक्का."

नागुबाई आत बसली नाही. तिनं रवळूला दाराखालच्या पायफळीवर चढवलं, स्वतः पलीकडच्या बाजूला चढली, एका हातानं दार आणि दुसऱ्या हातानं डोईवरचा पदर धरला. झेंडे, गुलाल, गर्दी, सगळं त्या काळ्या पत्र्यातून उलटं धावत होतं. रवळू घाबरून डोळे मिटून होता.

"शामू, पळीव रं!" नागुबाई ओरडली. "आजून पळीव!"