शवघरातले मास्तर

मास्तर नुसत्या बोटांनी चाचपून फुफ्फुसाचा आजार सांगत. शवविच्छेदनाच्या खोलीतले ते शिपाई. मूळचे करकंबचे, शिक्षण चौथीपर्यंत. पण सोलापुरातल्या आमच्या इस्पितळात सगळे त्यांना मास्तरच म्हणत.

डॉक्टरकीच्या शेवटच्या परीक्षेत मी विकृतिशास्त्रात नापास झालो होतो. परीक्षकांनी पुढ्यात ठेवलेल्या फुफ्फुसाला मी यकृत म्हणालो होतो! आता एकच संधी उरली होती. घरी वडील बोलेनासे झाले होते, म्हणून मी दिवसभर मास्तरांच्या खोलीत बसे.

"पुस्तक मिटा की," ते म्हणत आणि न्यूमोनियाच्या फुफ्फुसाचा तुकडा पाण्यात टाकत. तो थेट तळाला जाई. "आत हवाच न्हाय. आदी लाल, मंग आजार वाढला की करडं पडतं. कलेजीवानी घट्ट लागतं. तुमी फसला त्यात नवल न्हाय." कधी हृदयाची रक्तवाहिनी चिरून आतली गुठळी दाखवत. "एवढ्याशा खड्यानं धडधाकट गडी पडला बगा."

परीक्षेला पंधरा दिवस उरले आणि त्यांच्या बायकोला, गौराबाईंना, न्यूमोनिया झाला. त्या काळी त्यावर खात्रीचं औषध नव्हतं. शेक द्यायचा आणि वाट बघायची. सातव्या ते नवव्या दिवसात ताप उतरे, नाहीतर माणूस जाई.

मास्तर रोज वॉर्डाच्या दाराशी मला गाठत. "डाक्टर, आज आत कसं असंल?"

तिसऱ्या दिवशी मी म्हणालो, "लाल, घट्ट." सहाव्या दिवशी मी त्यांना टाळून आत निघालो.

"बोला की. परीक्षेत असंच गप बसनार व्हय?"

"करडं झालं असेल, मास्तर."

"वीस वर्सं झाली. बरं झालेलं फुफ्फुस माज्याकडं एकबी आलं न्हाय."

परीक्षा पुढे मी पास झालो. पण मास्तर म्हटलं की मला आठवते ती नवव्या दिवसाची दुपार. आदल्या दिवशीच गौराबाईंचे ओठ निळे पडले होते. अचानक त्यांना दरदरून घाम फुटला. मास्तर ओरडले, "गार पडली वो!"

मी धावलो. नाडी सापडेना. मग सापडली. संथ होती, भरीव होती.

"ताप उतरलाय, मास्तर."

त्यांचा विश्वास बसेना. मी छातीला नळी लावून ऐकलं आणि ती त्यांच्या कानांत घातली. कानाशी केस चोळावेत तशी बारीक चुरचुर येत होती.

"हे काय वाजतंय?"

"हवा. परत आत शिरतेय."

ते वाकून ऐकत राहिले. दोन मिनिटं, पाच मिनिटं. गौराबाईंनी डोळे किलकिले केले.

"आवो, उठा की आता," त्या पुटपुटल्या, "लोक बगत्यात."

मास्तर उठले नाहीत, ऐकतच राहिले.