कापसातलं महासंकट
कापसाचा वास आला की देवळीच्या आमच्या घरातली ती प्रार्थनासभा आठवते. वेचणीचे दिवस होते, बैठकीच्या खोलीत छातीएवढा कापसाचा ढीग आणि त्यालाच टेकून सगळे बसलेले. चर्चचे पाळक जगाच्या शेवटी, येशू परत येण्याआधी, येणाऱ्या महासंकटाबद्दल सांगत होते. त्या दिवसांत गरोदर बायांचे फार हाल होतील, आणि हिवाळ्यात पळावं लागू नये म्हणून प्रार्थना करा, असं येशूनंच सांगितलंय. मला सातवा महिना. सासूबाईंनी माझा हात धरला. "भेऊ नको. प्रार्थना करा म्हणते, म्हणजे तो आयकते ना!" आणि मोठ्यानं सुरूही झाल्या, "देवा, सारा कापूस घरी येऊ दे, सुनेचं बाळंतपण होऊ दे, मंग येजो!" पाळकांसकट सगळे कापसात लोळून हसले. तेव्हा पोटात असलेली लेक आता कॉलेजात जाते, आणि सासूबाईंनी मुदत वाढवून मागितलीय: "देवा, नातीचं लग्न पाहू दे, मंग येजो!"