मिनिटाला चाळीस बुडबुडे

आमच्या इमारतीत अशी बातमी आहे की आत्या पाण्याशी बोलते. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू तर हातवारे करून सांगतात, "अगं, टबावर ओणवी होऊन पुटपुटत असते बिचारी! एकटीच राहते नाऽऽ." तो "ना" त्या इतका लांबवतात की तेवढ्यात ऐकणाऱ्याचा एक जिना चढून होतो.

खरं म्हणजे आत्या बोलत नाही, मोजते. बाबांची ही थोरली बहीण गच्चीवर टबांमध्ये पाणवनस्पती वाढवते आणि शोभेचे मासे विकणाऱ्या एका दुकानदाराला पुरवते. त्याआधी वीस वर्षं ती कॉलेजच्या प्रयोगशाळेत बाटल्या धूत होती. मोजणं तिथलंच. पाण्यातली पानं उन्हात आपलं अन्न तयार करतात, तेव्हा देठातून प्राणवायूचे बुडबुडे सुटतात. एका काडीतून मिनिटाला चाळीस सुटले की तब्येत ठणठणीत.

बाबांचं पत्र्याच्या कामाचं वर्कशॉप आहे. आत्याचे प्लॅस्टिकचे टब तडकायला लागले तेव्हा त्यांनी जस्त चढवलेल्या पत्र्याचे सहा चकचकीत टब स्वतः बनवून दिले. "ताई, आपण दोघं जाऊ, पण हे टब राहतील!" असं म्हणून ते रोज संध्याकाळी एकेका टबावर टिचकी मारून जायचे.

दहाव्या दिवशी आत्याचा आकडा अकरावर आला. पानं मात्र हिरवीगार.

"ऊन कमी पडत असेल," बाबा म्हणाले. मीही मान डोलावली. आत्याने वाद घातला नाही. तिने दोन बरण्यांत नळाचं पाणी भरलं, एकीत बाबांच्या पत्र्याचा तुकडा टाकला, उरलेल्या एका जुन्या टबातली एकेक काडी दोन्हींत सोडली आणि बरण्या एकाच खिडकीत ठेवल्या. आठवड्याने साध्या पाण्यात अडतीस, पत्र्याच्या पाण्यात नऊ.

"जस्त उतरतंय पाण्यात," आत्या मला म्हणाली. "चिमूटभर पानाला लागतंच. जास्त झालं की आतलं कामच बंद. ऊन ताटात वाढलेलं असतं, पण घास गिळवत नाही."

दुकानदाराला शनिवारी पन्नास जुड्या हव्या होत्या. तिने फोन लावला.

"या वेळी माल नाही."

"नाही कसा, बाई? नऊ वर्षं तुमचाच घेतोय. परवा मी बघून गेलो, हिरवागार होता की!"

"दिसतो हिरवा. तुमच्या टाकीत चार दिवसांत लगदा होईल."

"मग दुसरा माणूस बघू का मी?"

"बघा."

फोन ठेवल्यावर तिने एकच ओटा दोनदा पुसला.

मला राहवलं नाही. "काय हे आत्या! जुड्या चांगल्या पाण्यात ठेवल्या तर जगतील की."

"लाव पैज."

"लावली. हरले तर?"

"तर टबांचं तुझ्या बाबाला तू सांगायचं. माझी जीभ रेटत नाही गं त्याच्यासमोर."

मी एक जुडी धुऊन साध्या पाण्यात, खिडकीत ठेवली. पहिल्या दिवशी एका काडीचे बारा बुडबुडे. दुसऱ्या दिवशी सात. घड्याळ बिघडलंय असा आरोप मी करून पाहिला. शनिवारी देठाला बोट लावलं तर तो बोटालाच चिकटून आला.

दुपारी दुकानदाराचा फोन आला. त्याने दुसऱ्याकडून माल घेतला होता. "पण बाई, तो पठ्ठ्या काही मोजत नाही. बुडबुड्यांचं विचारलं तर हसला. तुमचा माल तयार झाला की कळवा."

आता आत्याला प्लॅस्टिकचे टब हवे होते, आणि त्यासाठी बाबांना सगळं कळायला हवं होतं. मी वर्कशॉपमध्ये गेले. बाबा सातवा टब ठोकत होते.

"ताईसाठीच," मान वर न करता ते म्हणाले.

"बाबा, जरा हातोडी खाली ठेवा," मी म्हटलं. "मी एक पैज हरलेय."